बॅलरॅटचे सॉव्हरिन हिल : आधी तंबू पाहावेत, मग बाजारपेठ

मेलबर्नच्या वायव्येला सुमारे ११५ किलोमीटरांवर बॅलरॅट हे शहर आहे आणि त्या शहराच्या गोल्डन पॉइंट भागात, जेथे १८५१ नंतर सोन्यासाठी जमीन अक्षरशः चाळून काढली गेली त्या परिसरात, सॉव्हरिन हिल हे खुले संग्रहालय उभे आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी ते सुरू झाले. नफ्यासाठी न चालणारी एक संस्था ते चालवते आणि सोने सापडल्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांतील बॅलरॅट तेथे रस्ते, दुकाने, तंबू, खाणी, घोडे आणि त्या काळच्या पोशाखातील माणसे यांच्यासह उभे केले आहे. मेलबर्नच्या मराठी घरांत भारतातून आई-वडील राहायला आले की ग्रेट ओशन रोड आणि फिलिप बेटावरचे पेंग्विन यांच्याबरोबर या गावाची फेरीही बहुधा ठरलेली असते. परतल्यावर मात्र ‘छान आहे, मुलांनी सोने धुतले’ याच्या पलीकडे फारसे कोणी बोलत नाही, आणि त्यात पाहुण्यांपेक्षा पाहण्याच्या क्रमाचा दोष अधिक आहे, असे माझे मत झाले आहे.

येणारा प्रत्येक जण ओढला जातो तो मेन स्ट्रीटकडे. दोन्ही बाजूंना लाकडी दर्शनी भागांची दुकाने, मधून धावणारी घोडागाडी, बेकरीतून येणारा पावाचा वास आणि झगे सावरत चालणाऱ्या स्त्रिया असे ते सगळे दृश्य इतके देखणे आहे की सोन्याच्या शोधात आलेल्या माणसांचे आयुष्य असेच रंगीत गेले असावे, असे वाटू लागते. वास्तविक हा रस्ता म्हणजे गोष्टीचा शेवट आहे. ज्यांनी खणले त्यांचे गाव खाली, रेड हिल गलीच्या ओढ्याकाठी, मळकट कापडाच्या तंबूंत आहे, आणि तेथून सुरुवात केली तरच पुढच्या बाजारपेठेचा अर्थ लागतो.

व्हिक्टोरिया ही वसाहत १ जुलै १८५१ रोजी न्यू साउथ वेल्सपासून वेगळी झाली आणि त्यानंतर काही आठवड्यांतच क्लून्स, बनिनयाँग आणि बॅलरॅट येथे सोने सापडल्याच्या बातम्या पसरल्या. वसाहतीची लोकसंख्या १८५१ मध्ये जेमतेम ७७ हजार होती, ती दहा वर्षांत पाच लाखांच्या पुढे गेली. कारकून, खलाशी, मेंढपाळ, कॉर्नवॉलचे खाणकरी, दुष्काळाने देशोधडीला लागलेले आयरिश, कॅलिफोर्नियात हात पोळलेले अमेरिकन, जर्मन, इटालियन आणि दक्षिण चीनमधील शेतकरी, असे सगळे एकाच ओढ्याच्या काठी खांद्याला खांदा लावून खणू लागले. आरंभी सोने वरच्या गाळातच मिळत असे. ते काढायला भांडवल लागत नसे; फावडे, परात आणि पाळण्यासारखे हलवायचे लाकडी खोके एवढे पुरे होते. पाळण्यात माती टाकून वरून पाणी ओतायचे आणि हलवत राहायचे, म्हणजे जड सोने तळाच्या आडव्या पट्ट्यांशी अडकते. आपल्याकडे सोनारांच्या पेठेतील धूळ धुऊन कण गोळा करणारे झारेकरी हेच करत आले आहेत, फक्त येथे पेठेऐवजी अख्खे खोरे धुतले गेले.

ओढ्याकाठी पाहुण्यांच्या हातात परात दिली जाते आणि शेजारचा कर्मचारी ती कशी तिरकी धरायची, पाणी कसे गोल फिरवायचे, वरची वाळू थोडी थोडी कशी सांडू द्यायची हे शांतपणे शिकवतो. पाठीला रग लागते, पाणी गार असते, आणि काही वेळाने तळाशी पिवळा ठिपका चमकला की वयस्क माणसेही लहान मुलांसारखी ओरडतात. या ओढ्यात संग्रहालय स्वतः सोन्याचे कण सोडत असते. त्यात फसवणूक काही नाही, कारण ती गोष्ट लपवलेली नाही आणि मिळालेला कण घरी नेता येतो. तरीही संपूर्ण सॉव्हरिन हिलमध्ये इतिहासापासून सर्वांत दूर गेलेली जागा हीच आहे, असे मला वाटते. त्या काळच्या खणणाऱ्याचा खरा अनुभव काही न सापडण्याचा होता. येथे थोडा धीर धरला तर बहुतेक प्रत्येकाला काहीतरी मिळते, आणि पाहुणा हसतमुखाने निघून जातो. मुलांना परात द्यावी, पण त्याआधी शेजारचे तंबू दाखवावेत : जमिनीवर अंथरलेली पथारी, एक पेटी, एक किटली, आणि त्या सामानात वर्षानुवर्षे काढायची होती ती माणसे. खाणे म्हणजे मटण, राखेत भाजलेली जाड भाकरी आणि चहा. पीठ, मेणबत्त्या, खिळे असे सगळे बैलगाडीने खडतर रस्त्याने वर येई आणि त्याची किंमत खणणाऱ्याकडूनच वसूल होई.

वरच्या गाळातले सोने लवकर संपले. बॅलरॅटचे वैशिष्ट्य असे की तेथील खरी संपत्ती लाव्हारसाखाली आणि गाळाखाली गाडल्या गेलेल्या प्राचीन नद्यांच्या पात्रांत होती. तेथे पोहोचण्यासाठी शंभर ते दीडशे फूट खोल विहिरीसारखे खड्डे खणावे लागत, कडा ढासळू नयेत म्हणून त्यांना आतून फळ्या ठोकाव्या लागत, हातरहाटाने बादलीबादलीने माती आणि पाणी वर काढावे लागे, आणि तळाच्या माणसाला श्वास घेता यावा म्हणून कापडी शिडाच्या नळीतून हवा खाली सोडावी लागे. आठ-दहा जणांची टोळी कित्येक महिने हे काम करी आणि शेवटी कळे की नदीचे पात्र पलीकडून गेले आहे. ओढ्याजवळचे रहाट आणि खड्ड्यांची तोंडे पाहताना हे लक्षात ठेवले, तर खाणपरवान्यांविरुद्ध १८५४ मध्ये खणणाऱ्यांनी केलेले बंड बॅलरॅटमध्येच का झाले याचे उत्तर अर्धे मिळून जाते. सरकारला परवान्याचे पैसे दर महिन्याला हवे होते आणि सोने मात्र सहा-सहा महिने दिसत नव्हते.

रेड हिल खाणीची भूमिगत फेरी या दृष्टीने उत्तम आहे. जमिनीखालच्या अरुंद वाटांनी चालत जाताना दिवे, आवाज आणि प्रतिमा यांच्या साहाय्याने ‘वेलकम नगेट’ सापडल्याचा प्रसंग सांगितला जातो. ९ जून १८५८ रोजी कॉर्नवॉलच्या २२ खाणकऱ्यांच्या टोळीला बेकरी हिल येथे सुमारे ५५ मीटर खोलीवर हा सोन्याचा गोळा लागला. त्याचे वजन सुमारे ६९ किलो भरले आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये तो वितळवला गेला. सादरीकरण थोडे नाट्यमय आहे. मात्र अंधार, ओल आणि डोक्याला लागेल इतके खाली आलेले छत यांमुळे जे कळते ते कोणत्याही फलकाने कळले नसते. मार्गदर्शकासह ट्रामने खाली नेणारी दुसरी फेरी नंतरच्या काळातील गारगोटीच्या खडकातल्या खाणकामावर आहे. त्या काळापर्यंत सुटा खणणारा संपला होता आणि कंपनीचा मजूर आला होता. वाफेवर चालणारे पंप, खडक कुटणारी लोखंडी मुसळे, पाळ्या, पगार आणि खडकाच्या धुळीने झिजणारी फुप्फुसे हे त्याचे जग होते. बॅलरॅटजवळच्या क्रेसविक येथे १२ डिसेंबर १८८२ रोजी शेजारच्या जुन्या खाणीतले पाणी फुटून २२ कामगार मेले, तेही अशाच पगारी खाणकामगारांपैकी होते. आपल्या वाचकांना कोलारच्या खाणी ऐकून माहीत असतात. तेथेही १८८० नंतर ब्रिटिश कंपनीने कॉर्नवॉलचेच खाणकरी आणले होते, त्यामुळे ही कथा आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

यंत्रे पाहण्याची ज्याला आवड आहे त्याने येथे घाई करू नये. लाकूड जाळून तयार केलेल्या वाफेवर इंजिने खरोखर चालवली जातात, मुसळांचा धडधडाट छातीत जाणवतो, आणि गाडीची चाके बनवण्याच्या कारखान्यात आरे, तुंबे आणि लोखंडी धावा जुन्या यंत्रांवर घडवल्या जातात. प्रदर्शनासाठी हालचाल करून दाखवणारा नट आणि ते काम येणारा कारागीर यांतला फरक चटकन ओळखू येतो. येथे कारागीर आहेत. सोने ओतण्याच्या प्रात्यक्षिकाबद्दलही असेच म्हणता येईल. हजार अंशांहून अधिक तापलेले द्रव सोने साच्यात ओतले जाते आणि काही मिनिटांत त्याची वीट समोर येते. मराठी घरांत जपलेल्या जुन्या गिन्न्या पुन्हा एकदा पाहाव्यात, असे त्या वेळी मनात येते. सिडनीची टांकसाळ १८५५ मध्ये आणि मेलबर्नची १८७२ मध्ये सुरू झाली, आणि तेथे पाडलेल्या सॉव्हरिन, म्हणजे याच गिन्न्या, मोठ्या प्रमाणावर भारतात आल्या. नाण्यावर बारीक ‘एम’ हे अक्षर असेल तर ती गिन्नी मेलबर्नची समजावी.

चिनी वस्तीचा भाग लहान आहे आणि बरेच लोक तो ओलांडून पुढे जातात. माझ्या मते तो या ठिकाणचा सर्वांत प्रामाणिक कोपरा आहे. ग्वांगडाँगमधून आलेले हे लोक बहुतेक कर्ज काढून जहाजात बसलेले असत आणि गोऱ्यांनी टाकून दिलेली माती पुन्हा धुऊन त्यातून पोट भरत असत. १८५५ मध्ये व्हिक्टोरिया सरकारने प्रत्येक चिनी उतारूवर दहा पौंडांचा कर बसवला, तेव्हा जहाजे शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियातील रोब या छोट्या बंदरात उतारू उतरवू लागली. तेथून हजारो माणसे कावडी खांद्यावर घेऊन चारशे किलोमीटरांहून अधिक अंतर चालत सोन्याच्या गावांपर्यंत आली, आणि अशाच एका जथ्याला १८५७ मध्ये वाटेत अरारात येथे सोने सापडले. त्याच वर्षी जुलैत बकलंड नदीच्या खोऱ्यात गोऱ्या खणणाऱ्यांनी चिन्यांच्या वस्त्या जाळून त्यांना हुसकावले. देवळातील उदबत्तीचा वास, औषधांची बाटल्यांनी भरलेली मांडणी आणि पत्र लिहून देणाऱ्याचे मेज हे पाहताना परदेशी राहणाऱ्या कोणत्याही माणसाने थोडे रेंगाळावे असा तो भाग आहे.

लाल डगल्यातील शिपायांचे संचलन आणि बंदुकांचा बार हा पाहुण्यांचा आवडता कार्यक्रम. मुले कानांवर हात ठेवून टाळ्या पिटतात. हे शिपाई बॅलरॅटमध्ये आले होते ते का, हे मात्र त्या टाळ्यांत हरवते. सप्टेंबर १८५१ पासून प्रत्येक खणणाऱ्याला महिन्याला तीस शिलिंगांचा परवाना घ्यावा लागे, म्हणजे सोने मिळो वा न मिळो, सुमारे अर्ध्या औंसाची किंमत द्यायचीच. पुढे दर थोडा कमी झाला, पण गव्हर्नर हॉथमने १८५४ मध्ये तपासणी आठवड्यातून दोनदा करण्याचा हुकूम काढला. कागद भिजू नये म्हणून तंबूत ठेवला आणि पोलिस आले तेव्हा माणूस शंभर फूट खाली असला, तरी दंड चुकत नसे. ऑक्टोबर १८५४ मध्ये जेम्स स्कोबी या खणणाऱ्याचा खून झाला आणि संशयित हॉटेलमालक सुटला. संतापलेल्या जमावाने त्याचे हॉटेल जाळले. ११ नोव्हेंबरला बॅलरॅट रिफॉर्म लीग स्थापन झाली, महिनाअखेर परवान्यांची होळी झाली आणि पीटर लेलर या खणणाऱ्याच्या पुढाकाराने सदर्न क्रॉस या तारकासमूहाच्या झेंड्याखाली शपथ घेतली गेली. ३ डिसेंबर १८५४ च्या रविवारी पहाटे सुमारे पावणेतीनशे सैनिक आणि पोलिस युरेका येथे खणणाऱ्यांनी उभारलेल्या कच्च्या कुंपणावर चालून गेले. आत दीडशेच्या आसपास माणसे उरली होती. पंधरा-वीस मिनिटांत सगळे संपले आणि किमान २२ खणणारे मेले. लेलरचा हात कापावा लागला, आणि वर्षभराच्या आत तोच विधिमंडळात बसला. राजद्रोहाच्या खटल्यातील तेराही आरोपी ज्यूरीने सोडले, मासिक परवाना रद्द झाला आणि त्याऐवजी वर्षाला एक पौंडाचा ‘खाणकऱ्याचा हक्क’ आला, ज्यात मताधिकारही होता.

त्या पहाटे हल्ल्यात असलेल्या पलटणींपैकी ४०वी पलटण मराठी वाचकांनी ओळखायला हवी. डिसेंबर १८४३ मध्ये ग्वाल्हेरजवळ महाराजपूर येथे शिंद्यांच्या फौजेशी लढलेल्या इंग्रज सैन्यात ती होती. साम्राज्याची तीच बंदूक अकरा वर्षांनी स्वतःच्याच प्रजेवर रोखली गेली, हे संचलनाच्या वेळी मुलांना सांगण्यासारखे आहे.

आता मेन स्ट्रीटवर यावे. किराणा दुकान, टिनाचे काम करणारा, मेणबत्त्या ओतणारा, हॉटेल, नाटकगृह, गोळ्यांचा कारखाना हे सगळे त्या तंबूंच्या जिवावर उभे राहिले. खणणाऱ्यांपैकी थोडेच श्रीमंत झाले. फावडे, पीठ, बूट आणि दारू विकणाऱ्यांचे मात्र बस्तान बसले. छापखान्यात आपले नाव घातलेले जुन्या धाटणीचे पत्रक छापून मिळते आणि ते घेण्यासाठी रांग असते. या छापखान्याला ज्याचे नाव दिले आहे त्या ‘बॅलरॅट टाइम्स’चा संपादक हेन्री सीकँप युरेकानंतर राजद्रोही लिखाणाबद्दल तुरुंगात गेला होता आणि तो आत असताना पत्नी क्लॅराने पत्र चालवले. १८५६ मध्ये लोला माँटेझ ही नर्तकी बॅलरॅटच्या व्हिक्टोरिया थिएटरात आली, तेव्हा प्रतिकूल लिहिल्याबद्दल तिने याच सीकँपला चाबकाने झोडपले. ईस्ट इंडिया कंपनीच्या एका लेफ्टनंटची बायको म्हणून ती त्याआधी भारतातही राहून गेली होती, एवढे जाता जाता. रास्पबेरीच्या गोळ्या तयार होताना अवश्य पाहाव्यात. गरम पाक रुळांमधून निघतो आणि त्याची नक्षीदार पट्टी फुटून गोळ्या पडतात. चवही चांगली आहे.

अशा ठिकाणाला जे दाखवता येत नाही त्याचीही नोंद करायला हवी, कारण ती मर्यादा या एका संग्रहालयाची नसून इतिहास जिवंत करून दाखवण्याच्या प्रकाराचीच आहे. रस्ते स्वच्छ आहेत, ओढ्याचे पाणी निर्मळ आहे, आणि कोणी खोकत नाही. खऱ्या बॅलरॅटमध्ये तोच ओढा धुण्याला, पिण्याला आणि घाणीला होता. हगवण आणि विषमज्वर यांनी तान्ही मुले मोठ्या संख्येने दगावली. खड्ड्यांच्या फळ्यांसाठी, चुलींसाठी आणि बॉयलरांसाठी भोवतालचे जंगल तोडले गेले. शिवाय ही सगळी भूमी वाडावुरुंग या मूळ रहिवासी लोकांची होती. खणणाऱ्यांना थंडीत पॉसम या प्राण्याच्या कातड्याची पांघरुणे विकणाऱ्या, वाटा दाखवणाऱ्या आणि शेवटी आपल्याच ओढ्यांवरून हटवल्या गेलेल्या या लोकांची माहिती येथे मिळते, पण ती शोधावी लागते. घोडागाडी शोधावी लागत नाही. हा तोल आणखी बदलायला हवा, असे मला वाटते.

तिकीट स्वस्त नाही, आणि घोडागाडी, जुन्या पोशाखातील छायाचित्र, मार्गदर्शकासह खाणीची फेरी अशा काही गोष्टींचे पैसे निराळे पडतात. ते मोजताना खाणीच्या फेरीला पहिली पसंती द्यावी आणि छायाचित्राला शेवटची. मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्थानकावरून बॅलरॅटला थेट गाडी आहे, साधारण दीड तास लागतो, आणि प्रादेशिक भाड्यांवर कमाल मर्यादा आल्यापासून हा प्रवास मोटारीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. स्थानकापासून पुढे बस किंवा टॅक्सी करावी. संग्रहालयाचे सुट्टीचे दिवस आणि प्रात्यक्षिकांच्या वेळा निघण्यापूर्वी पाहून ठेवाव्यात. बॅलरॅट मेलबर्नपेक्षा उंचावर आणि बऱ्यापैकी थंड आहे, म्हणून उन्हाळ्यातही एखादे स्वेटर बरोबर असावे. उतार आणि कच्चे रस्ते यांमुळे गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना दिवसभर चालणे जड जाईल. त्यांच्यासाठी ओढा, चिनी वस्ती आणि सोने ओतण्याचे प्रात्यक्षिक एवढे ठरवून बाकीचा वेळ बाकांवर आणि बेकरीत घालवणे चांगले. शाकाहाऱ्यांनी थोडे खाणे बरोबर नेले तर निर्धास्त राहता येईल. आठ वर्षांखालील मुलांना घोडे, गोळ्या आणि परात पुरे होतील. त्यांच्याकडून युरेकाची अपेक्षा धरू नये.

ज्यांना ती गोष्ट पुरी करायची आहे त्यांनी दुपारनंतर दोन तास राखून शहराच्या पूर्वेकडील युरेका सेंटर गाठावे. कुंपण उभे होते त्या परिसरातच ते आहे आणि मूळ झेंडा तेथे ठेवलेला आहे. निळ्या लोकरी कापडावरचा पांढरा क्रॉस आणि त्यावरचे तारे. कडेचे मोठे तुकडे लोकांनी आठवण म्हणून कापून नेल्यामुळे तो आता पुरा राहिलेला नाही. दोन्ही ठिकाणे एका दिवसात होतात, मात्र सॉव्हरिन हिलला दार उघडताच पोहोचायला हवे आणि मेन स्ट्रीटवरचा मोह दुपारच्या जेवणापर्यंत आवरायला हवा.